वेळेच्या रकान्यात ‘वरीलप्रमाणे’ : कोल्हापुरातल्या कॅज्युअल्टी चालवणाऱ्यांना खुलं पत्र

डीन साहेब, अधीक्षक साहेब, खाजगी हॉस्पिटलांचे संचालक मंडळी, आणि रात्री प्रत्यक्ष कॅज्युअल्टीत उभं असणारे डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, मामा, मावशी, सगळ्यांना नमस्कार.

पत्र मोठं आहे, चहा घेऊन बसा. मी डॉक्टर नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत एकतीस वर्षं क्वालिटीला काढली आणि दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. नुसती तक्रार करायला लिहीत नाहीये, म्हणजे थोडी आहे, ती पुढं येईलच, पण मुख्य एक मागणी आहे आणि ती नवीन बिल्डिंगची नाही, मशिनरीची तर अजिबातच नाही.

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. आमचे आण्णा, वय ७६, जेवून झोपले आणि साडेअकराला उठून बसले. "छातीत जळजळतंय, पित्त झालंय, सोडा दे." सोडा दिला, ढेकर आला, पण कपाळावरचा घाम बघून बायको म्हणाली हे पित्त नव्हे, गाडी काढा. भाच्यानं गाडी काढली. उसाचा सीझन सुरू झालेला, रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, कसंबसं पोचलो. कुठलं हॉस्पिटल ते सांगणार नाही, कारण एकाचं नाव घेतलं की बाकीचे सगळे सुटतात.

माझ्या खिशात पेन आणि जुन्या इन्स्पेक्शन शीटचे पाठकोरे कागद कायम असतात, जुनी खोड. टेन्शन आलं की मी वेळा लिहीत बसतो, बायको याला येडेपणा म्हणते. त्या रात्रीचा कागद अजून आहे माझ्याकडं. १२.०७ दारात. १२.११ "आधी केस पेपर काढून आणा." १२.२० केस पेपर खिडकी, आधार कार्ड मागितलं, ते घरी. १२.३३ डॉक्टरांनी बघितलं, ईसीजी सांगितला. १२.३८ मशिन आलं, कागदाचा रोल संपलेला. नवीन रोल कपाटात, कपाटाची किल्ली सिस्टरांकडं, सिस्टर वरच्या वॉर्डात. १२.५४ ईसीजी निघाला. म्हणजे दारातनं ईसीजीपर्यंत ४७ मिनिटं. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघून डॉक्टरनं बघितलेला पाहिजे, हे जगभर ठरलेलं आहे, हे मला नंतर कळलं. आणि ॲटॅकच होता तो.

आता डॉक्टरवर राग काढावा तर तेही जमेना. सव्वीस-सत्तावीसचं पोरगं, एकटं, एका बाजूला ट्रॉलीला मागनं धडकलेली दोन पोरं, दुसऱ्या बाजूला फवारणीचं औषध पोटात गेलेला माणूस, आणि दारात पन्नास नातेवाईक, त्यातला प्रत्येकजण कुणालातरी फोन लावून "साहेबांशी बोला" म्हणत फोन त्याच्या कानाला लावतोय. त्या पोरानं आण्णांना वाचवलं हे मी कधी विसरणार नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, सकाळी अँजिओग्राफीला पाठवलं. आण्णा आज ठणठणीत आहेत, तंबाखू अजून सोडली नाही ती नाहीच.

खरी गोष्ट पुढं. पंधरा दिवसांनी मेडिक्लेमच्या कागदासाठी परत गेलो. क्लार्कनं नोंद शोधायला कॅज्युअल्टीचं मोठं रजिस्टर माझ्यासमोर उघडलं, लाल कापडी पुठ्ठ्याचं, कोपरे मळलेले. नाव, वय, गाव, तक्रार, एमएलसी म्हणजे पोलीस केस आहे की नाही, आणि एक बारका रकाना, ‘वेळ’. त्या रात्रीच्या पानावर पहिल्या ओळीत लिहिलेलं ‘रा. १०’. त्याच्याखाली —॥—. त्याच्याखाली —॥—. आण्णांची ओळ नववी, तिथंही —॥—. वरीलप्रमाणे! त्या रजिस्टरच्या हिशोबानं त्या रात्री कोल्हापुरात सगळ्यांना दहालाच दुखायला लागलं आणि पान संपेपर्यंत घड्याळ दहावरच थांबलेलं.

माझं डोकं तिथं फिरलं. का ते सांगतो. आमच्या फौंड्रीत एसजी आयर्न, म्हणजे मॅग्नेशियम घालून चिवट केलेलं ओतीव लोखंड, ओतायचो. लोखंडात मॅग्नेशियम टाकलं की ते लोखंड तुमच्यासाठी थांबत नाही, दहा-बारा मिनिटांत मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, गेलंच पाहिजे, उशीर झाला की मॅग्नेशियमचा असर उतरतो, आम्ही त्याला फेडिंग म्हणायचो. वरनं कास्टिंग चकाचक दिसतं, आतनं कमजोर. म्हणून ट्रीटमेंट किती वाजता, शेवटचा मोल्ड किती वाजता, हे प्रत्येक लॅडलला, म्हणजे लोखंड ओतायच्या बादलीला, लिहायचं आणि प्रत्येक पीसवर हीट नंबर, म्हणजे कुठल्या घाण्यातला ते सांगणारा नंबर. सहा महिन्यांनी चेन्नईत कुठल्यातरी ट्रकचा हब तडकला तरी आम्ही इथं बसून सांगायचो, कुठली भट्टी, कुठली शिफ्ट, किती मिनिटं गेली, लॅडलवर कोण होता. एखाद्या इन्स्पेक्टरनं वेळेच्या रकान्यात —॥— केलं असतं तर त्याला गेटवरनं परत पाठवला असता. ट्रकच्या हबला हीट नंबर आणि आमच्या आण्णांना वरीलप्रमाणे.

तर मागणी काय. तुम्ही तुमच्या कॅज्युअल्टीवर रिसर्च करा. ‘रिसर्च’ म्हटलं की लगेच एसी हॉलमधली कॉन्फरन्स आणि औषध कंपनीची बॅग डोळ्यासमोर येते, ते नको. आपल्याकडं आलेल्या पेशंटचं नेमकं काय होतं ते मोजा, एक गोष्ट बदला, परत मोजा, आणि जे निघेल ते लोकांना सांगा, चांगलं निघालं तरी आणि वाईट निघालं तरी.

माझी पुतणी मिरजेला मेडिकलला आहे. तिला म्हटलं, बाई, मला दाखव, जगात कॅज्युअल्टीवर रिसर्च करून खरंच कुणाचं भलं झालंय का. तिनं पीडीएफ पाठवल्या, मी डिक्शनरी घेऊन दोन महिने वाचतोय, अडलं की तिला फोन, ती वैतागलीय आता. पण जे वाचलं त्यानं मी गार पडलो.

ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड तुम्हाला माहीत असणार, रक्तस्राव कमी करायचं स्वस्तातलं इंजेक्शन. १९६० च्या दशकात जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे मिस्टर यांनी शोधलेलं. ॲक्सिडेंटच्या पेशंटला ते द्यावं का हे नीट तपासलं गेलं थेट २०१० साली, क्रॅश-२ नावाच्या ट्रायलमध्ये, ४० देश, २७४ हॉस्पिटलं, २०,२११ पेशंट, त्यात आपल्या भारतातलेही. औषध न मिळालेल्यांत १६ टक्के गेले, मिळालेल्यांत साडेचौदा. दीड टक्का म्हणजे काय एवढं असं मला पण वाटलं होतं, पुतणी म्हणाली, काका, दर ६०-७० पेशंटमागं एक जीव, आणि औषध वडापावच्या हिशोबातलं. पण खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, पुढच्या वर्षीच्या हिशोबात निघाली. मार लागल्यापासून एका तासात इंजेक्शन पडलं तर रक्तस्रावानं जाणारे ७.७ टक्क्यांवरनं ५.३ वर येतात. तीन तासांनंतर दिलं तर उलटं, ३.१ चे ४.४ होतात. तेच औषध, तीच बाटली, तीन तासांच्या अलीकडं तारतं आणि पलीकडं मारतं. फेडिंगच की हे! आणि आपल्या रजिस्टरमध्ये वेळ काय, तर वरीलप्रमाणे. मग गगनबावड्याहून पंचावन्न किलोमीटर आलेल्या पोराला ते द्यायचं का नाही हे कशाच्या जोरावर ठरवणार? नातेवाईकाला विचारून? तो म्हणतो "मगाशी पडला."

दुसरं उदाहरण याहून भारी, कारण त्यात चांगल्या चांगल्या डॉक्टरांचा अंदाज चुकला. डोक्याला मार लागला की मेंदूची सूज उतरवायला स्टेरॉइड द्यायचं, हे तीसेक वर्षं ठिकठिकाणी चाललेलं. लॉजिक बरोबर वाटतं, सूज आहे, सुजेवरचं औषध आहे. मग क्रॅश नावाची पहिली ट्रायल झाली, दहा हजारांवर पेशंट, २००४ ला निकाल. दोन आठवड्यांत खोटं औषध दिलेल्यांत १७.९ टक्के गेले आणि स्टेरॉइडवाल्यांत २१.१. म्हणजे इतकी वर्षं जे जीव वाचवायला देत होते त्यानंच माणसं जास्त जात होती, आणि कुणालाच पत्ता नाही, कारण डोक्याला मार लागलेला माणूस गेला की "मारच जबर होता" म्हणून विषय संपायचा. चिठ्ठ्या टाकून दोन गट केल्याशिवाय हे कुणाच्या बापाला कळलं नसतं.

आपल्याकडचं बघू. पोटात कळ येऊन गडाबडा लोळणाऱ्या पेशंटला "सर्जन बघेपर्यंत पेनकिलर देऊ नका, निदान चुकेल" असं अजून सांगतात, माझ्या चुलत बहिणीला अडीच तास तसंच ठेवलं होतं, तिचं कण्हणं भिंतीपलीकडं ऐकू येत होतं. यावर ट्रायली कधीच्याच होऊन गेल्यात, त्या सगळ्या एकत्र तपासूनही झाल्यात, दुखणं थांबवल्यानं निदान चुकत नाही. विषबाधेचं घ्या, शेतीचा जिल्हा आहे, कीटकनाशकाच्या केसेस तुम्हाला नवीन नाहीत. पोटात कोळशाची पावडर पुन्हा पुन्हा द्यावी का, हे श्रीलंकेतल्या हॉस्पिटलांनी साडेचार हजारांवर पेशंटांवर तपासलं, २००८ ला छापलं, फरक पडत नाही असं निघालं. श्रीलंका म्हणजे काय अमेरिका नाही, आपल्यासारखीच गर्दी, आपल्यासारखाच बाकावर झोपलेला नातेवाईक.

आणि लांब कशाला, काखेत कळसा गावाला वळसा. घाट उतरून खाली कोकणात चला. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर. लाल विंचू चावलेली पोरं डोळ्यासमोर जायची, रायगड जिल्ह्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रात असताना हा माणूस पेशंटच्या उशाशी रात्र रात्र बसला, नाडी, बीपी, घाम, श्वास, किती वाजता काय झालं हे लिहीत. त्यातनं दिसलं की विंचवाच्या विषानं शेवटी हार्ट बसतं, आणि प्राझोसिन नावाची बीपीची साधी गोळी ते थांबवते. १९८६ साली हे लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी जर्नलमध्ये छापून आलं, लंडनच्या! नंतर विंचवाची लसही, म्हणजे विषावरचं उताऱ्याचं इंजेक्शन, आली तर "आता लस आली, विषय संपला" असं न म्हणता त्यांनी परत ट्रायल केली, नुसती गोळी विरुद्ध गोळी अधिक लस, लसवाले लवकर बरे झाले, २०११ ला ते बीएमजे या तिथल्याच दुसऱ्या जर्नलमध्ये आलं. २०२२ ला पद्मश्री. ना एमआरआय, ना रिसर्चचं वेगळं डिपार्टमेंट. वही, पेन, घड्याळ आणि जागरण. महाडच्या आरोग्य केंद्रात जे झालं ते मेडिकल कॉलेजं, सुपरस्पेशालिटी बोर्ड आणि दर चौकात फ्लेक्स असलेल्या कोल्हापुरात का होऊ नये, सांगा मला.

इथं पुतणीनं मला झापलं, ते पण लिहितो, नाहीतर एकतर्फी होईल. म्हणाली, "काका, नाईटला आम्ही दोघं असतो. पेशंट ऐंशी. सलाईन लावू, नातेवाईकांना आवरू, का तुमच्या वेळा लिहीत बसू?" बरोबर आहे तिचं. आपल्याकडं इमर्जन्सी मेडिसिन ही वेगळी शाखा म्हणून मान्यताच २००९ ला मिळाली, त्याआधी आणि खूप ठिकाणी अजूनही, ज्याची ड्युटी लागली तो कॅज्युअल्टीचा डॉक्टर. त्यामुळं त्याच पोरांच्या डोक्यावर आणखी एक फॉर्म लादायचा असेल तर माझं पत्र इथंच फाडून टाका. आमच्याकडं आयएसओ ऑडिटच्या आदल्या रात्री एकाच पेननं तीन महिन्यांचं रजिस्टर भरणारे बहाद्दर होते, दबाव टाकला की तसलेच आकडे मिळतात.

पण उपाय आहे, आणि तो कारखान्याच्या गेटवर लटकलेला असतो. पंचिंग मशिन. कार्ड आत घातलं, खटॅक, तारीख-वेळ छापली. तसलं एक कॅज्युअल्टीच्या दारात ठेवा. पेशंट आत आला की मामा कोरा केस पेपर आत घालणार, खटॅक. डॉक्टरनं हात लावला, खटॅक. ईसीजी निघाला, खटॅक. पहिलं इंजेक्शन, खटॅक. वर बेडवर गेला, खटॅक. लिहायचं काहीच नाही. नाव, आधार, पैसे नंतर बघा, १९८९ सालीच परमानंद कटारा केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय की आधी जीव, पोलिसांचे आणि कायद्याचे सोपस्कार मागनं. पाच ठसे. एका महिन्यात तुमच्या हातात अशी माहिती येईल की तुम्हीच हबकून जाल, आणि पहिली गोष्ट काय सापडेल मी आत्ताच सांगतो, ईसीजीचा रोल आणि कपाटाची किल्ली.

शेवटचा ठसा, बेडवर कधी गेला तो, सगळ्यात महत्त्वाचा. "बेड नाही" म्हणून स्ट्रेचरवर पडून राहणं याला आपण फक्त गैरसोय समजतो. इंग्लंडमध्ये २०१६ ते २०१८ मधल्या पन्नास लाखांहून जास्त ॲडमिट पेशंटांचा हिशोब काढला, वॉर्डात जायला सहा ते आठ तास लागलेल्या दर ८२ पेशंटांमागं एक जास्तीचा मृत्यू, तीस दिवसांच्या आत. ८२ म्हणजे किती, तर एका वडाप जीपमध्ये पंधरा कोंबले तर साडेपाच जीपा. त्यातला एक. त्यामुळं कॅज्युअल्टी तुंबली तर तो दोष एकट्या कॅज्युअल्टीचा नसतो, वर वॉर्डात सकाळी डिस्चार्ज मिळालेला पेशंट बिलासाठी संध्याकाळपर्यंत बेड अडवून बसलेला असतो, त्याचा धक्का खाली रात्री बसतो. हे तुम्हाला माहीत आहे. आकडा नाही म्हणून मीटिंगमध्ये बोलता येत नाही, एवढंच.

शिफ्ट बदलायचं पण सांगतो कारण तिथं माझ्या पोटात गोळा आला होता. सकाळी आठला नवीन डॉक्टर आले, रात्रीचं पोरगं अर्धं झोपेत, उभ्या उभ्या चार वाक्यं बोललं आणि गेलं. नवीन डॉक्टर रक्त पातळ करायचं इंजेक्शन लिहायला लागले, जे पहाटे पाचला देऊन झालं होतं. नाईटच्या सिस्टर जिना उतरता उतरता थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, ते झालंय." त्या दोन मिनिटं आधी घरी गेल्या असत्या तर? मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नाही, ही माझी चूक. अमेरिका-कॅनडातल्या लहान मुलांच्या नऊ हॉस्पिटलांत चार्ज देण्याची, म्हणजे पेशंट पुढच्या शिफ्टच्या हवाली करण्याची, ठरलेली पद्धत शिकवून आधी-नंतर तुलना केली, २०१४ चा रिसर्च, दहा हजारांवर ॲडमिशन. पेशंट किती सिरियस, आत्तापर्यंत काय झालं, आता काय करायचं, काय बिघडू शकतं, आणि शेवटी ऐकणाऱ्यानं ते परत म्हणून दाखवायचं. चुका २३ टक्के घटल्या, टाळता येण्यासारखी इजा ३० टक्के घटली, आणि चार्ज द्यायला लागणारा वेळ वाढला नाही. परत म्हणून दाखवायचं हे वाचून मी हसलो, आमचा क्रेनवाला वितळलेल्या लोखंडाची लॅडल उचलायच्या आधी खालनं आलेला इशारा हातानं परत करून दाखवायचा, नाहीतर लॅडल जागची हलत नव्हती.

आता एक अवघड गोष्ट, पण हीच न कळल्यामुळं आपल्याकडं खूप फ्लेक्स लागतात. समजा तुम्ही पंचिंग मशिन लावलं, चार्ज द्यायची पद्धत बदलली, आणि वर्षभरानं मृत्यू कमी झाले. लगेच "आमच्या उपक्रमामुळं" म्हणून सत्कार घ्यायचा का? केरळचं ऐका. तिथल्या ६३ हॉस्पिटलांनी हार्ट ॲटॅकच्या उपचारात सुधारणा करायचा मोठा प्रयोग केला, चेकलिस्ट, ट्रेनिंग, दर महिन्याला आपापल्या कामाचा रिपोर्ट, २१,३७४ पेशंट. पण सगळ्यांनी एकदम सुरू केलं नाही, चिठ्ठी टाकून आळीपाळीनं, टप्प्याटप्प्यानं. नुसतं आधी-नंतर बघितलं तर पहिल्या तीस दिवसांतले मृत्यू आणि मोठे धोके ६.४ टक्क्यांवरनं ५.३ वर आलेले. ढोल-ताशे वाजवायला एवढं बास होतं. पण सगळीकडंच काळाबरोबर सुधारणा होत होती, ती वजा केल्यावर त्या प्रयोगाचा म्हणून फरक जवळजवळ शून्य निघाला, आणि त्यांनी तो तसाच छापला, २०१८ ला, जगातल्या मोठ्या जर्नलमध्ये. मला सगळ्यात जास्त आवडलेला रिसर्च हाच. फौंड्रीत नवीन वाळू आणली की आम्ही जुन्या वाळूचे मोल्ड त्याच दिवशी, त्याच भट्टीतनं, शेजारी ओतायचो. नाहीतर पावसाळा संपल्यामुळं ब्लोहोल, म्हणजे कास्टिंगमधली हवेची भोकं, कमी झाले का वाळूमुळं, हे कळायचं कसं?

तेव्हा तुम्हीही तसंच करा. जिल्ह्यातली दहा-बारा हॉस्पिटलं एकत्र या, सरकारी, खाजगी, ग्रामीण रुग्णालयं सगळी, आणि चिठ्ठी टाका, कुणी जानेवारीत सुरू करायचं, कुणी मार्चमध्ये, कुणी जूनमध्ये. एमडीच्या पोरांना थीसिस करावाच लागतो, विषय शोधत हिंडतात बिचारी, त्यातल्या दोघांना हा द्या. आपले प्रश्न लंडनवाले सोडवणार नाहीत. उसाच्या ट्रॉलीखालचा मार, भात लावणीतला साप, भट्टीचं भाजणं, चंदगड-आजऱ्यावरनं येताना गेलेला वेळ, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात हायवे पाण्याखाली गेल्यावर अँब्युलन्सनं कुठनं जायचं, हे आपल्याशिवाय कोण मोजणार. १०८ ची गाडी २०१४ पासून आपल्याकडं आहे, कॉल कधी आला आणि गाडी कधी पोचली हे त्यांच्याकडं असणार, ते केस पेपरच्या पहिल्या ठशाला जोडलं तर घरापासून बेडपर्यंतचा सगळा धागा मिळतो.

लोक काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. "आमच्या माणसावर प्रयोग करताय व्हय?" गंगावेशीत चहाच्या गाड्यावर हाच विषय निघेल आणि भांडणं होतील. म्हणून आधीच मराठीत सांगा, दारात बोर्ड लावून. वेळ मोजणं हा कुणावर प्रयोग नाही, पण पेशंटची माहिती आहे म्हणून रिसर्चला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीपुढं तेही ठेवाच. औषधाची ट्रायल असेल तर कमिटीची मंजुरी, सरकारी रजिस्ट्रीत आधी नोंद आणि पेशंटची लेखी संमती, बेशुद्ध असेल तर नातेवाईकाची. आणि ती संमती कृपा करून माणसाला कळेल अशा भाषेत घ्या. त्या रात्री मी चार ठिकाणी सह्या केल्या, चारही कागद इंग्रजीत, एकसुद्धा वाचला नाही, वाचायची शुद्धच नव्हती. उद्या कुणी म्हणालं की तुम्ही किडनी द्यायला संमती दिली होती तर मला नाही म्हणता येणार नाही.

एथिक्स कमिटीत एक माणूस डॉक्टर नसलेला, साधा नागरिक, असावा लागतो असा नियम आहे, पुतणीनं सांगितलं. ती खुर्ची कुठं रिकामी असेल तर मी येतो. मानधन नको. फॉर्ममधलं जे वाक्य मला कळणार नाही तिथं मी हात वर करणार, एवढंच काम करीन, आणि ते काम मी एकतीस वर्षं केलंय, मॅनेजर लोकांना त्याचा लई त्रास व्हायचा.

पंचिंग मशिनचं पण बघून ठेवलंय. आमच्या जुन्या कारखान्यात आता अंगठ्याचं मशिन आलं, कार्डवालं स्टोअरमध्ये धूळ खात पडलंय, मालकांना विचारलं, म्हणाले घेऊन जावा. रिबन नवीन टाकावी लागेल, ती मी टाकतो. पहिल्यांदा जे हॉस्पिटल हो म्हणेल तिथं मशिन मी स्वतः आणून भिंतीला लावून देतो, आणि पहिले आठ दिवस रात्री दारात उभा राहून मामांच्या बरोबरीनं ठसे मारतो. झोप तशीही येत नाही आता. फक्त ईसीजीचा रोल बाहेरच्या ड्रॉवरमध्ये ठेवा, कपाटात नको.

आपला,
एक रिटायर्ड क्वालिटी इन्स्पेक्टर,
उचगाव, कोल्हापूर